उंबऱ्याची उंची : घर, पूर आणि विमा

जुलैचा दुसरा पंधरवडा लागला आणि पाऊस चढला, की कोल्हापुरात लोक एकमेकांना एकच प्रश्न विचारतात : राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पंचगंगेवरच्या या बंधाऱ्याचे हे दोन आकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतात. सांगलीत हेच कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी : ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. शिवाय प्रत्येक गल्लीचा आपला असा हिशेब असतो. कोल्हापुरात कितव्या फुटाला सुतारवाडा हलवतात, सांगलीत किती झाले की सूर्यवंशी प्लॉट आणि काकानगर इथल्या कुटुंबांना निघावे लागते, हे तिथले रहिवासी बोटांवर सांगतात. नृसिंहवाडीत तर पाणी चढून मंदिरातून वाहू लागले की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि लोक त्या पाण्यात स्नानाला जातात. पुराशी इतकी जुनी आणि इतकी बारीक ओळख असलेला हा मुलूख आहे.

तरीही २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये ही ओळख अपुरी पडली. ज्यांच्या घरात कधीच पाणी आले नव्हते, त्यांच्या घरात आले. त्यानंतर ‘माझ्या घराला पुराचा धोका किती आणि तो विम्याने झाकता येतो का’ हा प्रश्न अनेकांना पडला. त्याची उत्तरे तीन वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. जलसंपदा विभाग रेषांत बोलतो, पूर नियंत्रण कक्ष फूट-इंचांत आणि विमा कंपनी रुपयांत. घरमालकाला हवी असते ती त्याच्या उंबऱ्याची उंची या तिन्हींशी जोडून. ही जोडणी कुठवर आली आहे, वाद कशावर आहेत आणि काय शिल्लक आहे, ते इथे क्रमाने पाहू.

पुरांची साखळी

महाराष्ट्रात शहरी पुराची आजची चर्चा २६ जुलै २००५ पासून मोजली जाते. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली जुनी गटारे ५० मिलिमीटरसाठी वाढवण्याच्या कामाला जोर आला. त्याच पावसाळ्यात कृष्णा आणि पंचगंगेलाही मोठा पूर आला होता. आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांवर गेले आणि ती खूण पुढची चौदा वर्षे सांगलीकरांनी कमाल मर्यादा मानली. घरे बांधताना, दुकानातला माल माळ्यावर चढवताना २००५ ची रेघ डोळ्यांपुढे असायची. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पातळीने ५५ फूट ओलांडले.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी रात्रीत बाजारपेठेत शिरले. महाडला सावित्रीने वेढले. पुण्याचे दुखणे निराळे. तिथे २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढा फुगला, आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत लोक पहाटे जागे झाले ते पार्किंगमधल्या पाण्याने. खडकवासला धरणातून त्या वेळी सुमारे ३५ हजार क्युसेक विसर्ग सुरू होता. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटल्याची आठवण ज्या घरांत आहे, तिथे हा आकडा ऐकून काय वाटले असेल ते सांगायला नको.

या यादीवरून एक गोष्ट दिसते. पूर एकाच जातीचा नसतो. कृष्णेचा पूर हळू चढतो, हळू उतरतो आणि आठवडाभर घरात मुक्काम करतो. ओढ्याचा पूर दोन तासांत येऊन भिंत घेऊन जातो. मुंबईचा पूर बहुतेक वेळा नदीचा नसून तुंबलेल्या पाण्याचा असतो आणि भरतीच्या वेळेवर ठरतो. घराची जोखीम समजून घ्यायची तर आधी आपल्या दारात येणारे पाणी यांपैकी कोणते, हे ठरवावे लागते.

निळी आणि लाल

नदीकाठच्या जमिनीचे पुराच्या दृष्टीने पट्टे पाडावेत, असा नमुना कायदा केंद्र सरकारने १९७५ मध्ये राज्यांकडे पाठवला होता. फार थोड्या राज्यांनी तसा कायदा केला. महाराष्ट्राने कायद्याऐवजी परिपत्रकाचा मार्ग धरला आणि १९८९ पासून पूररेषा आखण्याची पद्धत सुरू झाली. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर किंवा नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांतले जे मोठे ते जिथवर पोचेल ती निळी रेषा. साधारणपणे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदीकाठापासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, निळ्या-लालच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार नियंत्रित क्षेत्रात बांधकाम करता येते, पण जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच हवी.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मोठा घोटाळा केला आहे. एकदा पूर येऊन गेला की आता नातवंडांपर्यंत चिंता नाही, असे लोक समजतात. मुळात त्याचा अर्थ असा : दरवर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता १ टक्का. वीस वर्षांचे गृहकर्ज घेतले, तर कर्ज फिटेपर्यंत तो पूर एकदा तरी दारात येण्याची शक्यता १८ टक्के होते, तीस वर्षांत २६ टक्के. निळ्या रेषेच्या आतल्या घराचे गणित आणखी कडक आहे. दरवर्षी ४ टक्के म्हणजे वीस वर्षांत ५६ टक्के, तीस वर्षांत ७१. नाणे उडवून छापा पडण्यापेक्षा ही शक्यता जास्त आहे, आणि अशा जागी लोकांनी आयुष्यभराची पुंजी घातलेली आहे.

या रेषांविषयी दोन टोकांची मते आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. अभियंते आणि पर्यावरण कार्यकर्ते यांतल्या एका गटाच्या मते रेषा खूपच सौम्य आहेत. मागच्या नोंदींवरून काढलेला शंभर वर्षांचा पूर आज त्या अर्थाने शंभर वर्षांचा राहिलेला नाही, पावसाची तीव्रता बदलली आहे, आणि पात्रात पडलेल्या भरावामुळे तेवढेच पाणी आता अधिक उंच चढते. शिवाय बहुतेक ओढ्यांना आणि नाल्यांना रेषाच नाहीत. आंबील ओढ्याकाठच्या माणसाला नदीचा नकाशा पाहून काहीच कळत नाही.

दुसरा गट रहिवाशांचा आणि व्यापाऱ्यांचा. चिपळूणमध्ये नव्या रेषा आल्या तेव्हा बाजारपेठेचा मोठा भाग त्यांच्या आत गेला आणि विरोध उठला. त्यांचे म्हणणे असे : घरे आधीची आहेत, रेषा नंतरची. पात्रातला गाळ काढा, मग पुन्हा मोजा. गाळ काढण्यासाठी तिथे नागरिकांनी उपोषणेही केली आणि नंतर गाळ निघालाही. जुने घर पाडून पुन्हा बांधायची परवानगी अडली की घराची किंमत पडते, बँक हात आखडता घेते. ही भीती खोटी नाही. पण रेषा सरकवून पाणी सरकत नाही, हेही तितकेच खरे. मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. रेषा तुम्हाला आत किंवा बाहेर एवढेच सांगते. आत असाल तर घरात घोट्याएवढे पाणी येईल की छपराला लागेल, हे सांगत नाही, आणि नुकसानीचा सगळा हिशेब त्यावरच बेतलेला असतो.

पाऊस, धरण की अतिक्रमण

पूर का येतो यावरचा वाद घरमालकाला दूरचा वाटेल. पण धोका वाढतो आहे की घटतो आहे, हे त्याच्यावरच ठरते. सांगली-कोल्हापुरात चर्चा अलमट्टीभोवती फिरते. कर्नाटकातल्या या धरणाची सध्याची पातळी ५१९.६० मीटर आहे. दुसऱ्या कृष्णा पाणीवाटप लवादाने ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्यास मुभा दिली आहे. धरणाच्या फुगवट्यामुळे कृष्णेचे पाणी उतरायला वेळ लागतो, असे इथल्या अनेक कार्यकर्त्यांचे आणि काही तज्ज्ञांचे ठाम मत आहे. २०१९ नंतर निवृत्त प्रधान सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०२० मध्ये अहवाल दिला. अतिवृष्टी, पात्राचे संकुचन आणि पूरक्षेत्रातली बांधकामे यांवर समितीचा भर होता. अलमट्टीला तिने मुख्य कारण मानले नाही. हा निष्कर्ष सर्वांनी मान्य केला असे झालेले नाही आणि उंचीवाढीला महाराष्ट्राचा विरोध कायम आहे.

चिपळूणमध्ये हाच वाद कोयनेच्या वीजनिर्मितीचे पाणी, कोळकेवाडी धरण आणि भरती यांच्याभोवती आहे, पुण्यात विसर्गाच्या वेळेभोवती. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की प्रत्येकातून १४२८ क्युसेक पाणी येते, हे कोल्हापूरकराला कळते, कारण बातमी लगेच येते. पण तेवढ्या विसर्गाने आपल्या गल्लीत किती वेळाने किती पाणी चढेल, याचे उत्तर अजून अनुभवी शेजाऱ्याकडेच मिळते.

सरकारी मदत कुठवर पुरते

पूर ओसरला की पहिला आधार सरकारी मदतीचा असतो. पंचनामा होतो, तलाठी आणि ग्रामसेवक घरोघर फिरतात. २०१९ मध्ये सानुग्रह अनुदान ग्रामीण भागात १० हजार आणि शहरी भागात १५ हजार रुपये होते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये आहेत. अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६ हजार ५००. कपडे आणि भांड्यांसाठी प्रत्येकी २ हजार ५००, तेही घर वाहून गेले असेल, पूर्ण पडले असेल किंवा दोन दिवसांहून अधिक पाण्याखाली असेल तर.

हे आकडे मदतीचे आहेत, भरपाईचे नाहीत. आठ दिवस पाण्यात राहिलेले पक्के घर सहसा पडत नाही. त्याचा गिलावा सुटतो, दारे फुगतात, वायरिंग जाते, फ्रीज, वॉशिंग मशीन आणि गाद्या जातात. पंचनाम्यात असे घर अंशतः बाधित ठरते आणि कुटुंबाला लाखांचा खर्च येतो. मदतीचा निकष भिंत पडली का हे पाहतो आणि खर्च होतो तो भिंतीच्या आतल्या वस्तूंवर. विम्याची जागा इथे सुरू होते.

पॉलिसीत काय आहे

घराच्या विम्याचे जुने रूप म्हणजे आग आणि विशेष जोखमींची पॉलिसी. तीत वादळ-पुराची जोखीम वगळून हप्त्यात थोडी सूट घेण्याची सोय होती. काही रुपये वाचवताना आपण नेमके काय सोडले, हे पाणी आल्यावर कळायचे. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने सर्व साधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या शब्दरचनेची पॉलिसी देणे बंधनकारक केले. पूर आणि जलमय होणे तिच्यात मूळ संरक्षणातच आहे. भूकंप, वादळ, दरड आणि जमीन खचणेही आहे. आपत्तीनंतर सात दिवसांत झालेली चोरीही त्यात येते. घर सोडून निवारा केंद्रात गेलेल्यांना या कलमाची किंमत कळेल.

या पॉलिसीत दोन गोष्टी खरोखर सुधारल्या. पहिली, कमी विम्याची कात्री गेली. पूर्वी वीस लाखांच्या बांधकामाचा दहा लाखांचा विमा असेल, तर दोन लाखांच्या नुकसानीला एकच लाख मिळायचे. आता विमा रकमेच्या मर्यादेत नुकसान पूर्ण भरून द्यायचे आहे. दुसरी, इमारतीसोबत घरातल्या सामानाचाही विमा घेतला, तर इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंतचे सामान वेगळी यादी न देता झाकले जाते.

रक्कम ठरवताना बहुतेकांची गफलत होते. विमा जमिनीचा नसतो, बाजारभावाचाही नसतो. तो घर पुन्हा बांधायला लागणाऱ्या खर्चाचा असतो. समजा ६०० चौरस फुटांचे घर आहे आणि बांधकामाचा खर्च फुटाला २ हजार ५०० रुपये. इमारतीची विमा रक्कम १५ लाख, सामान आपोआप ३ लाख. त्या घराचा बाजारभाव साठ लाख असला तरी हिशेब पंधराचाच. हप्ताही त्या मानाने किरकोळ, वर्षाला साधारण काही शे ते एक-दोन हजार रुपयांच्या घरात. दीर्घ मुदतीची पॉलिसी दहा वर्षांपर्यंत घेता येते आणि तीत विमा रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. रोकड झाकली जात नाही. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंना वेगळे संरक्षण घ्यावे लागते. पार्किंगमधली गाडी घराच्या विम्यात येत नाही. तिला वाहनाचा सर्वंकष विमा लागतो.

आणखी दोन गैरसमज वारंवार भेटतात. गृहकर्ज घेताना बँकेने विमा काढला होता, असे लोक सांगतात आणि कागद पाहिले तर तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा निघतो. घराचा असला तरी कित्येकदा कर्जाच्या रकमेपुरता आणि मुदतीपुरताच. दुसरा गैरसमज सोसायट्यांचा. आदर्श उपविधींत इमारतीचा विमा आग आणि भूकंप यांच्यासाठी उतरवायला सांगितले आहे. पूर पॉलिसीत आहे की नाही, हे सर्वसाधारण सभेत क्वचितच कुणी विचारते. चौथ्या मजल्यावरच्या सभासदाला पुराचा विमा आपल्या कामाचा वाटत नाही. पण लिफ्टचा खड्डा, पाण्याचे पंप, मीटरची खोली हे सगळे तळाला असते आणि त्याचा खर्च वर्गणीतूनच निघतो.

दाव्याची वेळ येते तेव्हा घर चिखलात असते. रोगराईच्या भीतीने लोक पहिल्या दिवशीच गाळ उपसतात, भिजलेले धान्य आणि गाद्या रस्त्यावर टाकतात. ते योग्यच आहे. फक्त त्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचे, प्रत्येक वस्तूचे आणि तिच्या मागच्या मॉडेल क्रमांकाचे फोटो काढून कंपनीला कळवले, तर सर्व्हेअर येईपर्यंत पुरावा टिकतो. केवळ कागदपत्रे नाहीत म्हणून दावा नाकारू नये, असे नियामकाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. पुरात बिले वाहून गेलेल्यांसाठी हे मोलाचे आहे. कंपनीशी न जमल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांवर ते निवाडा देतात.

हप्त्याचा पेच

एवढे असून घराचा विमा घेणारे थोडे. देशात साधारण विम्याचा एकूण हप्ता सकल उत्पन्नाच्या १ टक्क्याच्या आसपास आहे आणि त्यातला मोठा वाटा वाहन आणि आरोग्य विम्याचा. घराचा विमा कसा वाढवावा, यावर तीन भूमिका दिसतात.

एक भूमिका म्हणते की हप्ता जोखमीप्रमाणे असावा. टेकडीवरच्या आणि घाटावरच्या घराला सारखाच हप्ता असेल तर घाटावर बांधू नये हा संदेश कुणालाच पोचत नाही. दुसरी म्हणते, असे केले तर ज्यांना विमा सर्वाधिक हवा त्यांनाच तो परवडणार नाही. सुतारवाड्यातले कुटुंब तिथे हौसेने राहत नाही. ब्रिटनने यावर मधला रस्ता काढला. २०१६ मध्ये ‘फ्लड री’ ही पुनर्विमा योजना सुरू झाली. सर्व घरविमा कंपन्यांच्या वर्गणीतून पूरप्रवण घरांचे हप्ते आवाक्यात ठेवायचे, पण २००९ नंतर बांधलेल्या घरांना तिचा लाभ नाही आणि योजना २०३९ मध्ये संपणार. जुन्या घराला आधार द्यायचा, पण पूरक्षेत्रात नवे बांधायला उत्तेजन द्यायचे नाही, असा त्यामागचा विचार. अमेरिकेत १९६८ पासून सरकारी पूर विमा आहे. तिथे वर्षानुवर्षे हप्ते जोखमीपेक्षा कमी राहिले आणि योजनेवर कर्ज चढले. २०२१ पासून प्रत्येक घराच्या जोखमीनुसार हप्ता लावायला त्यांनी सुरुवात केली, तेव्हा अनेकांचे हप्ते वाढले आणि तक्रारीही.

तिसरी भूमिका पातळीशी बांधलेल्या विम्याची. पाऊस किंवा नदी ठरलेल्या आकड्याच्या वर गेली की सर्व्हेअरची वाट न पाहता ठरलेली रक्कम द्यायची. नागालँड सरकारने राज्य पातळीवर असा विमा घेतला आहे. जिथे ४३ फूट म्हणजे काय हे प्रत्येकाला ठाऊक आहे, त्या कोल्हापुरात ही कल्पना समजायला सोपी. पण त्याच आकड्याला एका गल्लीत कंबरभर पाणी असते आणि शेजारच्या गल्लीत काहीच नसते. मग ज्याचे काही भिजले नाही त्याला पैसे मिळतात आणि ज्याचे सर्वस्व गेले त्याला पुरत नाहीत. मोजपट्टी जितकी घराजवळ, तितका हा दोष कमी. ती घराजवळ आणण्याचे काम झालेले नाही.

जे अजून सुटलेले नाही

पहिला प्रश्न माहितीचा आहे. पूररेषांचे नकाशे आहेत, पातळीच्या नोंदी आहेत, मुंबईसाठी २०२० मध्ये पूर इशारा यंत्रणाही सुरू झाली. पण सर्व्हे क्रमांक किंवा पत्ता दिला की ‘इथे २०१९ मध्ये एवढे फूट पाणी होते’ असे सांगणारी नोंद घर विकत घेणाऱ्याला सहज मिळत नाही. खरेदीखताच्या वेळी विकणाऱ्याने पुराचा इतिहास सांगावा, असे बंधनही नाही. विमा कंपन्यांकडे दाव्यांची माहिती असते, महसूल विभागाकडे पंचनामे असतात. दोन्ही एका नकाशावर आले तर जोखीम गल्लीगणिक वाचता येईल.

दुसरा प्रश्न स्थलांतराचा. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली आणि आंबेवाडीसारख्या गावांत तो अनेक वर्षे रेंगाळलेला आहे. पर्यायी जागा मिळाली तरी शेत, गोठा आणि नदी इथेच राहते, म्हणून माणसे परत येतात. दर काही वर्षांनी भिजणाऱ्या घराला विमा देत राहावे की त्याच पैशांत घर उचलावे, यावर एकमत नाही.

तिसरा प्रश्न विम्याच्या बाहेर राहणाऱ्यांचा, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. तळमजल्याच्या खोल्यांत बहुधा भाडेकरू असतात. इमारत त्यांची नसली तरी केवळ सामानाचा विमा त्यांना घेता येतो, पण हे त्यांना सांगायला कुणी जात नाही. गावठाणातल्या कित्येक घरांची मालकी तोंडी वाटणीवर चालत आली आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रके दिली जात आहेत. त्या मोजणीत घराची जागा नोंदली जाते. तिथेच उंबऱ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची टिपली, तर बंधाऱ्यावरचा आकडा, लाल रेषा आणि विम्याचा हप्ता ही तिन्ही त्या घराशी जोडता येतील.